भादव्यातली शेळी आणि तिच्या पापणीचा रंग

पोळा झाला की आमच्या वाड्यातल्या एक-दोन शेळ्या मागं राहायला लागायच्या. कळप बांधापलीकडं गेलेला असायचा आणि ही चार पावलं चालून थांबलेली. हगवण नाही, ताप नाही, नाकाला पाणी नाही. लेंड्या गोल आणि कोरड्या. मग एखाद्या सकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसायची, आणि दोन-तीन दिवसांत ती शेळी जायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, याला भादव्याचा फटका म्हणायच्या. एका भादव्यात आमच्या बावीस शेळ्यांपैकी पाच गेल्या. त्या वर्षी आम्ही दर तीन महिन्यांनी, एकीलाही न चुकवता, सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजलं होतं.

औषध पाजूनही शेळ्या का गेल्या, हे उमजायला मला दोन पावसाळे लागले. तेव्हापासून आमच्या वाड्यात जे करतो ते क्रमानं लिहिते. आमचं गाव बालाघाटाच्या उतारावर आहे आणि शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी जातीचं नाव तेच राहिलंय. लातूर, बीड, परभणी, नांदेडकडच्या माळरानांवरही हेच लागू पडेल. कालव्याखालच्या गावांसाठी थोडं वेगळं आहे, ते पुढं येईल.

आधी शेळीचं मूळ बघा

आपल्या सगळ्या पाळीव शेळ्यांची पूर्वज म्हणजे इराण-तुर्कस्तानाकडच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांत राहणारी रानशेळी, बेझोआर. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी झाग्रोस डोंगराच्या आसपास माणसानं तिला माणसाळवलं. हिमालयातले आयबेक्स आणि मारखोर तिचे जवळचे भाऊबंद. या साऱ्यांचा पिंड डोंगराचा, आणि बेझोआर तर झुडपांची मोठी शौकीन. पुढचे पाय फांदीवर टेकून पाला ओरबाडायचा, दोन घास इथं, दोन घास तिथं, की पुढं. मेंढीची तऱ्हा उलटी. ती मान खाली घालून जमिनीलगतचं गवत कापत जाते.

जंताच्या अळ्या जमिनीलगतच्या ओल्या गवतावर असतात. मेंढीच्या तोंडी त्या पिढ्यान्पिढ्या येत राहिल्या, त्यामुळं तिच्या अंगात जंताशी झुंजायची ताकद बऱ्यापैकी आली. शेळीचं तोंड वर पाल्यात. तिला या अळ्या फारशा भेटल्याच नाहीत, म्हणून ती प्रतिकारशक्ती तिच्यात कमी. त्याऐवजी तिचं यकृत तयार झालं. झाडपाल्यातली कडू, तुरट, विषारी द्रव्यं ते झपाट्यानं मोडतं. आपण पाजलेलं जंताचं औषधही ते तितक्याच झपाट्यानं मोडून बाहेर टाकतं. म्हणून मेंढीला पुरणारी मात्रा शेळीला बऱ्याचदा पुरत नाही.

डोंगरावरच्या या जनावराला आपण खाली आणलं, गायरान राहिलं नाही म्हणून बांधावरच्या आखूड गवतावर सोडलं, आणि पावसाळ्यात तिची मान दिवसभर खाली ठेवली. आमच्या पाच शेळ्यांची गोष्ट इथून सुरू होते.

रक्त पिणारा जंत

शेळीच्या पोटात जंत बरेच असतात. पावसाळ्यात मारणारा मुख्यतः एक, हिमोंकस. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. लांबी दोन ते तीन सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. मादीच्या अंगात रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि पांढरी अंडनळी एकमेकांभोवती पिळलेली असतात, म्हणून ती लाल-पांढऱ्या पिळाच्या धाग्यासारखी दिसते. मेलेल्या शेळीचं पोट डॉक्टरांकडून उघडून घेतलं तर हे धागे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आमच्या पाचव्या शेळीचं पोट उघडल्यावर मी ते पाहिले. आतला भाग त्यांनी वळवळत होता.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण पावसाळ्यात शेळीच्या पोटात हजार जंत असणं नवलाचं नाही. हजार जंत म्हणजे दिवसाला ५० मिली, आठवड्याला ३५० मिली. तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आसपास. आता हिशेब तुम्हीच करा.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे बाहेर पडतात. ऊब आणि ओल असली तर चार ते सात दिवसांत त्यातून निघालेली अळी पोटात जायला तयार होते आणि दवाच्या थेंबातून गवताच्या पात्यावर चढते. शेळीनं ते पातं खाल्लं की तीन आठवड्यांत पोटात नवी मादी अंडी घालायला लागते. मृगात पाऊस पडला की हे चक्र फिरू लागतं. आषाढ-श्रावणात त्याचे दोन-तीन फेरे होतात आणि भादव्यात शेळ्या बसतात. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन तापते, अळ्या वाळून मरतात, म्हणून मे महिन्यात हा त्रास जवळजवळ नसतोच.

आणखी एक, कारण इथंच बहुतेक जण फसतात. हिमोंकसनं हगवण लागत नाही. हा जंत रक्त नेतो, पण लेंडी तशीच गोल राहते. "लेंड्या चांगल्या आहेत, जंत नसणार" असं म्हणून आम्ही कितीतरी दिवस घालवले.

पहिली पायरी: पापणी बघायला शिका

रक्त कमी झालं की ते सगळ्यात आधी डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला दिसतं. याच्यावरून दक्षिण आफ्रिकेत 'फामाचा' नावाची पद्धत तयार झाली. फाफा मालन या पशुवैद्यकाच्या नावावरून तिचं नाव पडलं. एका कार्डावर पाच रंग असतात: १ म्हणजे लाल, २ म्हणजे लालसर गुलाबी, ३ गुलाबी, ४ पांढुरकी गुलाबी आणि ५ म्हणजे पांढरी फटक. शेळीची पापणी कार्डाशी लावून नंबर द्यायचा.

कार्ड मूळ छापलेलंच वापरा. मोबाईलवरचा फोटो किंवा झेरॉक्स नको, रंग बदलतात. आपल्याकडं परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं विचारा, आणि शक्य असेल तर जाणत्या माणसाच्या हाताखाली एकदा वीस-पंचवीस शेळ्यांच्या पापण्या बघून या. कार्ड नसलं तरी लाल, गुलाबी आणि पांढरी एवढे तीन भेद डोळ्याला सवयीनं कळतात. सवयीसाठी आधी तुमच्या कळपातली सगळ्यात तजेलदार शेळी धरा, मग सगळ्यात मरगळलेली. दोघींच्या पापण्या लागोपाठ बघा.

बघायची रीत अशी. शेळी उघड्यावर, उजेडात उभी करा. पत्र्याच्या सावलीत किंवा बल्बच्या उजेडात रंग फसवतो. अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकी मिटवा. तसाच किंचित दाब द्या. दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतला ओला पडदा आपोआप वर फुगून येतो, त्याचा रंग बघायचा. पापणीच्या कडेचा रंग धरू नका आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला तिसरा पडदाही नको. एका नजरेत ठरवा. पापणी ओढून धरून बसलात तर ती लाल होते. दोन्ही डोळे बघा, आणि दोघांत फरक दिसला तर जास्त फिकट नंबर धरा. ३ की ४ असा संभ्रम पडला तरी ४ धरा.

मृगापासून हस्त संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी सगळा कळप बघायचा. आमच्याकडं एक अमावास्या, एक पौर्णिमा असा नेम आहे, म्हणजे विसरायला होत नाही. श्रावण-भादव्यात एखाद्या वेळी चार-पाच शेळ्या एकदम फिकट निघाल्या तर आठवड्यानं परत बघतो. थंडीत महिन्यातून एकदा पुरतं.

पापणीसोबत चार गोष्टी एका हातासरशी बघून घ्या. जबड्याखाली पाणी साचलंय का. पाठीच्या कण्यावर हात फिरवला तर हाडं टोचतात का. मागची बाजू माखली आहे का. नाकातून शेंबूड येतोय का. पापणी फिकट व्हायला दुसरी कारणंही असतात. उवा, गोचीड आणि यकृतातला कृमीही रक्त कमी करतात. उलट डोळे आलेले असले किंवा धूळ गेलेली असली तर पापणी उगाच लाल दिसते. नंबर लावताना एवढं भान ठेवायचं.

दुसरी पायरी: कुणाला पाजायचं, कुणाला नाही

४ आणि ५ नंबरला औषध, त्याच दिवशी. १ आणि २ नंबरला नाही. ३ नंबरमध्ये करडं, गाभण शेळ्या, नुकत्या व्यालेल्या आणि हडकलेल्या शेळ्यांना पाजायचं. बाकीच्या ३ नंबर पंधरा दिवसांनी परत बघायच्या.

पहिल्या वर्षी मी हे सुचवलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यांच्याच पोटात जंत असतात, मग निम्म्यांना उपाशी का ठेवतीस औषधाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं. कळपातल्या थोड्याच शेळ्या, साधारण पाचातली एक, जंताची बहुतेक अंडी रानात टाकतात. बाकीच्यांच्या पोटात जंत असतात पण त्या ते पेलतात. सगळ्यांना औषध पाजलं की औषधाला न मरणारे थोडे चिवट जंतच जगतात, त्यांचीच अंडी रानात पडतात, आणि काही वर्षांत सगळं रान चिवट जंतांचं होतं. न पाजलेल्या शेळ्यांच्या पोटात औषधानं मरणारे साधे जंत राहतात, चिवटांशी मिसळतात आणि औषधाची धार टिकवतात. आम्ही दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाजत होतो, म्हणजे चिवट जंत स्वतःच्या हातानं निवडून वाढवत होतो. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या अमावास्येला पहिली शेळी त्यांनीच धरली.

जी शेळी एकाच पावसाळ्यात तीनदा ४-५ नंबरात येते, तिची पाट, म्हणजे मादी करडू, पैदाशीला ठेवू नका. जंत पेलायची ताकद रक्तातून पुढं जाते. आम्ही बोकडही याच कसोटीवर निवडतो. आजवर ज्याची पापणी एकदाही फिकी पडली नाही, तोच.

तिसरी पायरी: वजन, आणि मग मात्रा

आमचं घोडं खरं इथं अडलं होतं. शेळी वीस किलोची असेल असा अंदाज, बाटलीवर मेंढीसाठी लिहिलेली मात्रा, आणि सहा मिली औषध. नंतर टेप लावून मोजलं तेव्हा कळलं की तिला अकरा मिली लागत होतं. अर्धवट मात्रेनं मरतात ते दुबळे जंत, चिवट मागं उरतात.

काटा असेल तर उत्तम. नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ६६० नं भागा, म्हणजे किलोत वजन येतं. आमच्या एका शेळीचा घेर २७ आणि लांबी २५ होती. २७ गुणिले २७ म्हणजे ७२९, त्याला २५ नं गुणलं की १८,२२५, आणि ६६० नं भागल्यावर साडेसत्तावीस किलो. गाभण शेळीत थोडी चूक होते, तेवढी चालते.

आता औषध. अल्बेंडाझोल शेळीला किलोमागं १० मिलीग्रॅम लागतं. २.५ टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत २५ मिलीग्रॅम असतं, म्हणून साडेसत्तावीस किलोच्या शेळीला ११ मिली. बाटली किती टक्क्यांची आहे ते दरवेळी वाचा, दुकानात वेगवेगळ्या मिळतात. गाभण राहून महिना झाला नसेल त्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं.

शेळीला जास्त मात्रा लागते हे ऐकून सगळीच औषधं दुप्पट करू नका, हे मी हात जोडून सांगते. लेव्हामिसोलमध्ये पुरेशी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं. जास्त झालं तर लाळ गळते, अंग थरथरतं. क्लोसँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी होते. ही औषधं डॉक्टरांनी वजन बघून लिहून द्यावीत आणि आपण तेवढीच पाजावीत. दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही हे बाटलीवर असतं, ते पाळा. आठवडी बाजारात बोकड न्यायच्या आदल्या दिवशी औषध पाजू नये.

पाजताना सुई काढलेली सिरिंज गालाच्या कडेनं आत घालून जिभेच्या मुळाशी सोडा. तोंड आकाशाकडं वर करू नका, औषध फुफ्फुसात जातं. अल्बेंडाझोलसारखं औषध द्यायचं असेल तर आदल्या रात्री वैरण बंद ठेवा, पाणी चालू. पोट रिकामं असलं की औषध पोटात जास्त वेळ थांबतं आणि जास्त काम करतं. गाभण आणि अगदी अशक्त शेळीला मात्र उपाशी ठेवायचं नाही.

५ नंबरची शेळी नुसत्या औषधावर सोडू नका. तिला हाकलू नका, रानात नेऊ नका. धाप लागूनच जाईल. सावलीत बांधा, पाणी आणि पाला तोंडाशी द्या, मूठभर शेंगदाणा पेंड द्या, आणि डॉक्टरांना बोलवा. पशुसंवर्धनाचं फिरतं पथक १९६२ या नंबरवर मिळतं. औषध लागू पडलं तरी पापणी लाल व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पुढच्या आठवड्यात रंग तसाच दिसला तर घाबरून परत पाजू नका.

चौथी पायरी: औषध लागू पडलं का?

वर्षातून एकदा, श्रावणात, आम्ही दहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या तपासतो. लेंड्या जमिनीवरून उचलायच्या नाहीत, शेळीच्या मागूनच हातमोजा घालून घ्यायच्या. प्रत्येकीची वेगळी पिशवी, हवा दाबून काढलेली, वर शेळीचं नाव. गार डब्यात घालून त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. उन्हात ठेवल्या तर अंडी फुटून अळ्या होतात आणि मोजणी चुकते. प्रयोगशाळेला सांगायचं की अंडी मोजून द्या. नुसतं 'आहेत' असं उत्तर उपयोगाचं नाही.

त्याच दिवशी मोजलेल्या वजनावर औषध पाजायचं आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या परत न्यायच्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर तुमच्या रानातले जंत त्या औषधाला सरावले आहेत असा संशय घ्या. मग डॉक्टरांना विचारून दुसऱ्या गटाचं औषध घ्यायचं. नाव वेगळं म्हणजे गट वेगळा असं नसतं. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली. आम्ही दोन वर्षं एकदा हे, एकदा ते असं आलटून पालटून देत होतो, म्हणजे तेच ते देत होतो.

पाचवी पायरी: तोंड वर, पाय कोरडे

सकाळी दव सुकल्याशिवाय कळप सोडू नका. पावसाळ्यात आम्ही नऊ-साडेनऊला सोडतो. बहुतेक अळ्या पात्याच्या पहिल्या दोन-तीन इंचांत असतात, म्हणून गवत घोट्याच्या खाली गेलेलं रान जंताच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट. ते हिरवंगार दिसलं तरी. बोर, बाभूळ, हिवर, लिंब, अंजन, धावडा जिथं आहेत तिकडं न्या. नाही तर फांद्या तोडून शेळीच्या डोळ्याच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलेल्या पाल्यावर ती मुतते आणि मग खात नाही. बोर-बाभळीच्या तुरटपणाची पोटातल्या जंतांना अडचण होते, आणि शेळीला तो पचतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, केस गळतात.

स्वतःचं दोन-चार गुंठे गवत असेल तर त्याचे तुकडे पाडा. एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याच लेंड्यांच्या अळ्या वर यायला लागतात. परत त्या तुकड्यात पाच-सहा आठवड्यांनीच सोडा. औषध पाजल्या पाजल्या अगदी ताज्या, कुणी न चरलेल्या रानात नेऊ नका. तिथं फक्त चिवट जंतांचीच अंडी पडतील.

जंताशी झुंजायला शेळीला प्रथिनं लागतात. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून शेळीच्या लेंडीत अंडी वाढतात, कारण तिची ताकद पोटातल्या करडाकडं आणि कासेकडं वळलेली असते. तेवढे दिवस तिला पेंड, तुरीचा पाला, हरभऱ्याचं भुसकट जास्त घाला. सोयाबीनची गुळी आपल्याकडं भरपूर असते, पण नुसत्या गुळीवर शेळी टिकत नाही.

वाड्यात चाऱ्याची गव्हाण जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा. पाण्याच्या टाकीभोवती चिखल होऊ देऊ नका, तिथं मुरूम टाका. आणि एक मोठा, खडबडीत दगडांचा ढीग घाला. डोंगरातल्या रानशेळ्यांच्या खुरांची कड खडकावर झिजत राहते. आपल्या शेळ्यांचे खूर मऊ, ओल्या मातीवर वाढतात, दुमडतात, आत चिखल सडतो आणि शेळी लंगडते. लंगडी शेळी गुडघे टेकून चरते, म्हणजे तोंड परत जमिनीला. दगडांवर ती दिवसभर चढत-उतरत राहते आणि खूर आपोआप झिजतात. तरीही दीड-दोन महिन्यांनी खूर छाटावेच लागतात.

पापणीला न दिसणारे

करडांना तीन आठवडे ते पाच महिन्यांच्या वयात हगवण लागली, कुंथत असतील, कधी रक्त पडत असेल, तर बहुधा ती कॉक्सिडिया. हा जंत नाही, त्याला जंताचं औषध लागू होत नाही. अँप्रोलियमसारखं वेगळं औषध डॉक्टर देतात. करडांची जागा कोरडी आणि गर्दी कमी हाच खरा इलाज.

लेंडीवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले की सगळे घाबरतात. ते पट्टकृमीचे. दिसायला भयंकर असले तरी हिमोंकसच्या मानानं किरकोळ.

गोदावरी, मांजरा, जायकवाडीच्या कालव्याकाठच्या गावांत यकृतकृमी आहे. पाणथळीतल्या गोगलगायीतून तो येतो आणि पावसाळा सरता सरता, हिवाळ्यात शेळी फिकट पडते, जबड्याखाली पाणी येतं. अल्बेंडाझोल त्याच्या फक्त मोठ्या झालेल्या कृमींना मारतं, लहानांना नाही. लेंडी तपासायला देताना "यकृतकृमीसाठीही बघा" असं सांगा. त्याची अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत, वेगळ्या रीतीनं बघावी लागतात.

शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागली, डोकं भिंतीला टेकवून उभी राहिली, तर मेंदूत पाण्याची गाठ असू शकते. ती कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी. मेलेल्या शेळीचं डोकं कुत्र्याला घालू नका, आणि वाड्यातल्या कुत्र्याला तीन महिन्यांनी त्याचं जंताचं औषध द्या.

हिवाळ्यात खरूज बघा, कानाच्या कडा आणि नाकापासून सुरू होते. स्पेनमधल्या काझोर्लाच्या डोंगरांत १९८७ साली याच खरजेनं तिथल्या रानशेळ्यांचा जवळजवळ सगळा कळप नेला. आपली शेळी डॉक्टरांच्या औषधानं बरी होते, पण बाधित शेळी त्याच दिवशी वेगळी बांधली तरच.

सहावी पायरी: नवी शेळी आणि रानातले शेजारी

बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे कळपात सोडू नका. दूर बांधा, तिची भांडी वेगळी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून दोन वेगळ्या गटांची जंताची औषधं द्या आणि १४ दिवसांनी लेंडी तपासा. चिवट जंत गावात विकत आणले जातात, बहुतेक वेळा असेच.

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य आजार, त्याची लस चुकवू नका. चार महिन्यांच्या पुढच्या करडांना एक मात्रा दिली की किमान तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची लस दरवर्षी मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी. पीपीआर फक्त आपल्या वाड्यापुरता नाही. २०१६-१७ मध्ये मंगोलियात पाळीव जनावरांतून तो सायगा हरणांत गेला आणि हजारो हरणं मेली. आपल्याकडं नायगाव मयूर अभयारण्याच्या माळावर, येडशीच्या रामलिंग घाटात, बालाघाटाच्या उतारांवर चिंकारा आणि काळवीट आहेत. ती त्याच गवतावर चरतात, उन्हाळ्यात त्याच पाणवठ्यावर येतात, आणि हिमोंकस त्यांच्याही पोटात जगतो. त्यांना पापणी बघून औषध पाजणारं कुणी नाही. म्हणून आजारी कळप पाणवठ्यावर नेऊ नका, मेलेली शेळी ओढ्यात टाकू नका, खोल खड्डा करून चुना घालून पुरा. माळावर बसलेलं किंवा लाळ गाळणारं हरीण दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा.

वहीत काय लिहायचं

शाळेची जुनी वही पुरते. प्रत्येक शेळीला एक ओळ: तारीख, पापणीचा नंबर, वजन, औषध, मिली. शेळ्यांना नावं असली तरी कानात बिल्ला लावा, कारण आपण घरी नसताना दुसऱ्या कुणाला तरी पापण्या बघाव्या लागतात. आमच्याकडं आता हे काम थोरली मुलगी करते. अमावास्येला ती नंबर ओरडते आणि आत्याबाई ओट्यावर बसून वहीत टाकतात. गेल्या भादव्यात तिसऱ्या पानावर तीन शेळ्यांपुढं ४ लिहिलं होतं. तिघींना त्याच दिवशी मोजून औषध पाजलं. आश्विनातल्या पौर्णिमेला तिघींपुढं २ आहे.